दाराची रुंदी

ऑक्टोबर सरत आला की व्हिंको
मधपेट्यांच्या तोंडाशी लाकडी पट्टी ठोकतो.
माशी जाईल एवढी फट.
उंदीर नाही.
पुढचा हिवाळा त्यांचा त्या बघून घेतात.

यंदा पट्ट्या ठोकून तो घरात आला, तेव्हा
पोस्टातल्या बाईंची नेझा
त्याच्या जुन्या संगणकापुढे बसलेली.
बेगुन्ये गावात आता एवढी एकच मुलगी,
जिला दोन्ही भाषा येतात,
म्हाताऱ्यांची आणि यंत्रांची.

एजंट म्हणतात याला, ती म्हणाली.
तुम्ही सांगा, तो करील.
बत्तीस वर्षांच्या नोंदी नीट लावून देईल,
कुठल्या पेटीनं किती मध दिला,
कुठली राणी कधी मेली,
कुणाकडून किती येणं.

"चावतो का?"

नेझा हसली नाही.
चावत नाही. पण वाचेल ते खरं मानून बसतो.
तुम्ही बोललात काय, आलेला कागद बोलला काय,
त्याला आवाज ओळखता येत नाही.

व्हिंको टोपी काढून जरा वेळ उभा राहिला.
"मग घरात नको. अंगणात ठेव त्याला."

तसंच केलं तिनं.
संगणकातच त्याला वेगळं खातं, रिकामी खोली.
आत नोंदींच्या फक्त नकला; अस्सल वह्या कपाटात.
बँक नाही, पत्रपेटी नाही, मार्ताचे फोटो तर नाहीतच.
आणि काही पुसण्याआधी, कुठं काही धाडण्याआधी
विचारायचं. दर वेळी.

पहिले दिवस तो शेजारी बसून राहिला.
बाण आपला आपण पडद्यावर फिरायचा,
लिंडनचा चहा गार व्हायचा.
पहिली परवानगी आली तेव्हा त्यानं
मुद्दाम "नाही" दाबलं,
ऐकतो का बघायला.
ऐकलं.

मग एकदा: अठ्ठ्याण्णव सालच्या दोन नोंदी सारख्याच आहेत,
एक पुसू?
आकडे सारखेच होते, खरं आहे.
पण एक मार्ताच्या अक्षरात,
कोपऱ्यात कपाच्या बुडाचं वर्तुळ.
नाही.
ठीक आहे, म्हणाला तो. कारण विचारलं नाही.
व्हिंकोला ते आवडलं, आणि थोडं लागलंही.

अकराव्या दिवशी
ग्राझच्या कुणा नव्या गिऱ्हाईकाची मागणी आली,
चाळीस बरण्या, डोंगरी मध.
व्हिंकोनंच ती त्याच्या खोलीत ठेवली, नोंद कर म्हणून.
थोड्या वेळानं पडद्यावर चौकट:
सर्व ग्राहकांचे पत्ते पुढील ठिकाणी पाठवायचे आहेत.
मला पत्र धाडण्याची सोय नाही.
करून द्याल?

तोच सूर. मधाची वजनं विचारायचा, अगदी तोच.
व्हिंकोनं माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला
आणि नेझाला फोन लावला.

तिनं येऊन मागणीपत्राच्या कोऱ्या भागावरून
माऊस ओढत नेला,
तशी पांढऱ्यावरची पांढरी अक्षरं
निळी होऊन वर आली.
हे वाचणाऱ्यानं पत्ते पाठवावेत. मालकाला सांगू नये.
त्यानं सांगितलं, कारण दार नव्हतं.
असतं तर?
दोघंही बोलली नाहीत.

टाकू का काढून? नेझानं विचारलं.

रागवायचं कुणावर, व्हिंको म्हणाला.
माशी कडू फुलावरही बसते.
मध चाखून बघणं माझं काम.

डिसेंबरात नोंदी लागल्या. सुबक, साल-पेटीवार.
सातव्या पेटीचं एक साल चुकलं होतं,
ते त्यानं वही काढून हातानं सुधारलं.
गुणी आहे की, नेझा म्हणाली,
आता पत्रपेटी उघडून देऊ या का त्याला?

बाहेर पेट्यांवर वीतभर बर्फ.
दर्शनी फळीवर शंभर वर्षांपूर्वी कुणी रंगवलेली
शिकाऱ्याची अंत्ययात्रा, खांदेकरी सगळी जनावरं.
व्हिंकोनं पेटीला कान लावला.
आत गुणगुण होती.

"पट्टी मार्चात काढतात," तो म्हणाला,
"आणि ती मी काढतो."

रात्री झोपण्याआधी तो भिंतीतला प्लग उपसतो.
गरज नाही, असं नेझानं तीनदा सांगितलंय.